चाचणीपुरतं बोल

सोमवार, ३

आजपासून लिहायला घेतो. आजवर कधी गरज पडली नव्हती. मोटार आली की स्क्रूड्रायव्हरचं एक टोक तिला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि सांगून टाकायचं, बेअरिंग गेलंय का वाइंडिंग. रस्त्याच्या कडेला बसून पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरत होतो, तिथून स्वतःचं वर्कशॉप झालं ते या दोन कानांच्या जिवावर. शिक्षण विचाराल तर कान, भांडवल विचाराल तर कान.

मागच्या महिन्यात लेकीने माझी खुर्ची घेतली. मीच दिली होती म्हणा, पण तिने घेतलीही जरा पटकन. "बाबा, तुम्ही रोज येऊन बसलात की मी काही सांगितलं तरी माणसं आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. आता तुमचं असं काहीतरी नवीन काढा."

मग काढलंच. वापरलेला कॅमेरा, तीन पायांचा स्टँड, कॉलरला लावायचा माईक आणि हेडफोन घेतले. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती चित्रित करायच्या आणि त्यांच्या घरच्यांना द्यायच्या. शिकवायला मित्र आहे. त्याचं अर्धं आयुष्य लोकांची लग्नं टिपण्यात गेलं, म्हणून आम्ही त्याला फोकस म्हणतो.

जेवताना बायको सांगत होती, तिच्या जुन्या शिवणवर्गातल्या मैत्रिणीचा आज फोन आला होता. बऱ्याच वर्षांनी. ती आता कुठल्याशा गावी शिवणशाळा चालवते. "आणि ती मला म्हणाली की..." एवढ्यात बेल वाजली. फोकस आला होता. मग माईकवरच गप्पा रंगल्या. काय म्हणाली मैत्रीण, ते राहिलंच. उद्या विचारीन.

मंगळवार, ४

पहिली चाचणी. बायकोला खिडकीसमोर खुर्चीत बसवलं. मागे आकाश, झाड, काय देखावा! ती तिच्या कामातून उठून आली होती. शाळांच्या गणवेशांचे कागदी साचे कापून देते ती, घरीच, जेवणाच्या टेबलावर. हातात कात्री तशीच.

"काय बोलू?"

"काहीही बोल. चाचणीपुरतं. मला फक्त आवाज बघायचाय."

"आवाज बघणार? आणि बोलणं?"

"बोलणं खोटं असलं तरी चालेल. एखादी गोष्ट रच ना."

तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "एक बाई होती. ती टोप्या करायची."

मला हसूच आलं. टोप्या! कुठून सुचतं हिला? आवाज मात्र फर्स्टक्लास. चित्र पाहिलं तर तोंड काळं ठिक्कर. मागून उजेड आला की कॅमेरा खिडकी बघतो, माणूस बघत नाही, असं फोकसने फोनवर सांगितलं. खिडकी माणसाच्या बाजूला हवी, म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि उरलेल्या अर्ध्यावर मऊ सावली. आजच्या चित्रात आवाज तिचा आहे आणि तोंड कुणाचंच नाही.

मैत्रिणीचं विचारायचं पुन्हा राहिलं.

गुरुवार, ६

खुर्ची फिरवली. चेहरा झकास आला. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला घेतला, डोक्यावर थोडीच जागा सोडली. बोलणाऱ्याने भिंगात बघायचं नाही, भिंगाच्या बाजूला बसलेल्या माझ्याकडे बघायचं. बायको म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी समोरासमोर बसलो." मी म्हटलं, मान जरा उजवीकडे.

आज आवाजात घरघर होती. मी कान टवकारले: स्वयंपाकघरातला फ्रीज. आपल्याला रोज ऐकून ऐकू येत नाही, माईकला सवय नसते. फोकसने युक्ती सांगितली आहे, की फ्रीज बंद करायचा आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवायच्या. म्हणजे निघताना किल्ल्या शोधत फ्रीजपाशी यावंच लागतं आणि तो चालू करायची आठवण होते. याला म्हणतात डोकं.

टोप्यांची गोष्ट पुढे सरकली. त्या बाईला दुसऱ्या गावाहून फोन येतो. तिथे टोप्या शिकवायची शाळा आहे, एक वर्षभर येऊन शिकव म्हणतात. राहायची सोय आहे. वीस तारखेपर्यंत काय ते सांगायचं आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नवऱ्याला सांगायला जाते, तर तो कुठल्यातरी यंत्रात डोकं घालून बसलेला."

"घरोघरी तेच," मी म्हटलं. ‘श’ आणि ‘स’ स्वच्छ येतायत. कॉलरचा माईक मात्र तिच्या गळ्यातल्या साखळीवर घासतो. पुढच्या वेळी साखळी काढून ठेवायला सांगायचं.

शुक्रवार, ७

गाडीच्या किल्ल्या तासभर शोधल्या. काल घरातून निघायचंच नव्हतं, त्यामुळे युक्तीचा पाया खचला. फ्रीज रात्रभर बंद. दूध नासलं. बायको म्हणाली, "डोकं आत ठेवलं असतं तर?"

रविवार, ९

फोकस आज प्रत्यक्ष बघायला आला. हेडफोन लावून त्याने माझी चाचणी ऐकली आणि ते काढून माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी जळलेल्या मोटारीकडे बघतो.

"अरे बाबा, मुलाखत कुणाची आहे?"

"तिची. म्हणजे, चाचणी."

"मग तूच का बोलतोयस? ती एक वाक्य बोलते, तू तीन हूं घालतोस. हूं, हूं, अच्छा, हूं. त्या प्रत्येक हूंखाली तिचा एक शब्द मेलाय. नंतर काढता येत नाही. नुसती मान हलव."

"मान हलवली तर कळेल का तिला?"

"तुझी मान हलली की गिऱ्हाइकांना कळतं, वहिनींना कळणार नाही?"

आणखी नियम दिले. तुझा प्रश्न शेवटी कापला जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात घे. समोरचा नुसतं ‘हो’ म्हणाला तर तो तुकडा कुचकामी. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न विचारू नको. गप्प बस. खरं ते बहुतेक वेळा त्या गप्पपणानंतर येतं. बायको चहा देता देता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तीस वर्षं आधी का नाही आलात?" फोकस खूप हसला. मीही हसलो.

मग त्याच्यासमोर चाचणी केली. मी तोंडात सुपारी धरल्यासारखा गप्प. तिने सुरुवातीला दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं, मी मध्ये बोलतो का ते बघायला. मग बोलत गेली. ती बाई कधीकाळी शिकवायची. लग्नानंतर सोडलं. मग मूल झालं, मग नवऱ्याचं दुकान वाढत गेलं. कुणी अडवलं नाही, असं म्हणाली. अडवायला आधी कुणीतरी विचारायला लागतं. "घरात बसून तिने इतक्या बाह्या कापल्या, की त्या एकाला एक जोडल्या असत्या तर त्या गावापर्यंत पोचल्या असत्या."

फोकस गेल्यावर मी तिची चूक दाखवली. टोप्यांना बाह्या कुठून आल्या? खूप हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला तेवढंच ऐकू आलं?"

कष्ट करून गोष्ट रचली आणि आपण नेमकी चूक काढली की माणसाला लागतं. दुसऱ्यांदा असं करायला नको.

बुधवार, १२

पहिलं गिऱ्हाईक मिळालं! पोहणं शिकवणारे मास्तर, आता निवृत्त. निम्म्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललंय. त्यांच्या सुनेला त्यांची मुलाखत हवी आहे. शनिवारी जायचं. माझी पाचावर धारण बसली आहे, पण फोनवर असा बोललो की जन्मापासून हेच करतोय.

रात्री जेवताना सरावासाठी मीच टोप्यांच्या बाईचा विषय काढला. खरं सांगायचं तर त्या बाईचं काय होतं, याची मला उत्सुकता लागून राहिली आहे.

"तिने नवऱ्याला सरळ सांगावं," मी म्हटलं.

"कधी? तो सारखा बोलत असतो."

"मग मध्येच तोडून सांगावं."

"तिला तोडून बोलायला आवडत नाही."

"नवरा अगदीच ठोंब्या आहे."

"तसा वाईट नाही," ती म्हणाली. "प्रेमळ आहे. कान तर इतके तिखट आहेत, की शेजारच्या घरातला नळ गळत असेल तरी त्याला कळतं."

मी म्हटलं, मग हा माणूस मोटार दुरुस्तीच्या धंद्यात हवा होता. तिने ताटं उचलली.

या गोष्टीत कान मात्र माझेच घेतले तिने. बरं वाटलं.

शनिवार, १५

मास्तरांकडे गेलो. घोटाळ्यांची यादी आधी: त्यांनी बारीक रेघांचा शर्ट घातला होता, कॅमेऱ्यात त्या रेघा मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. सुनेने साधा निळा आणून दिला. खुर्ची चाकांची होती, मास्तर बोलता बोलता चौकटीबाहेर सरकायचे. ती बदलली. फ्रीज बंद केला, किल्ल्या आत ठेवल्या, या वेळी युक्ती चालली.

पहिला अर्धा तास मास्तर रेडिओसारखे बोलले. अमका विद्यार्थी बुडता बुडता वाचला, तमक्याने बक्षीस मिळवलं. छानच, पण गुळगुळीत. सून दाराआडून प्रत्येक वाक्याचा शेवट ओठांनी म्हणत होती, इतकं तिने ऐकलेलं.

मी विचारलं, "तुम्ही स्वतः पहिल्यांदा पाण्यात उतरलात तेव्हा काय वाटलं?"

"मजा वाटली," मास्तर म्हणाले आणि थांबले.

मी गप्प. मान हलवली. जीभ दातांत धरून ठेवली होती. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी श्वास घेतला. लहानसा, वरवरचा. आणि म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटायची. शेवटच्या दिवसापर्यंत वाटायची. रोज पहिलं पाऊल टाकायच्या आधी कठडा धरायचो. म्हणून पोरांच्या तोंडावर ती भीती दिसली की मी ओरडायचो नाही. बाकीचे मास्तर ओरडायचे."

सून दाराआडून बाहेर आली होती. तिने हे ऐकलेलं नव्हतं.

येताना गाडीत गात आलो.

रविवार, १६

दिवसभर मास्तरांना कानात घेऊन बसलो. फोकसने कापायचं कसं ते दाखवलं आहे. मला एक गंमत सापडली. पाठ झालेली गोष्ट सांगताना मास्तर श्वास घेत नाहीत. वाक्याला वाक्य लागून येतं, जसा चांगल्या तेलातला पंखा फिरतो. पण ती भीतीची गोष्ट सांगायच्या आधी श्वास आहे. नंतर दोनचार ठिकाणी आणखी आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जे आलंय ते नवं आहे, खरं आहे. जिना चढायच्या आधी माणूस घेतो तसा श्वास.

फोकसला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं मी हे श्वास कापून टाकत आलो रे."

आज बायकोला चाचणीला बोलावलं तर म्हणाली, आता कशाला, तुमचं काम झालं ना.

मंगळवार, १८

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं. मास्तरांचं काम सुनेला देऊन झालं, म्हणून जुन्या चाचण्या पुसायला बसलो. पुसण्याआधी एकदा ऐकाव्यात म्हटलं. तो श्वास रचलेल्या गोष्टीत कसा येतो ते बघायची उत्सुकता होती. माणूस खोटं रचताना थांबत असणार, पण ते थांबणं वेगळं असणार, असा माझा अंदाज.

हेडफोन लावले. डोळे मिटले.

‘एक बाई होती.’ श्वास. ‘ती टोप्या करायची.’

‘तिला फोन आला.’ श्वास.

‘कुणी अडवलं नाही.’ श्वास. त्यानंतर मी आजवर न ऐकलेली शांतता. त्यात लांबवर कुठेतरी कुणी सायकलची घंटी वाजवतंय.

पुन्हा ऐकलं. रचणारा माणूस शब्द शोधतो. ही शोधत नव्हती. हिच्याकडे शब्द कधीचे तयार होते, ते बाहेर काढायला जोर लागत होता. मग ते बाह्यांचं वाक्य आलं, आणि नंतर त्यावर मी किती हसलो ते आठवलं. मी हेडफोन काढले. जेवणाच्या टेबलावर तिचे साचे रचलेले होते. पाठ, पुढचा भाग, कॉलर. सगळ्यांत वरती बाही.

टोप्या कुठेच नव्हत्या.

स्क्रूड्रायव्हर लावून बंद मोटारीच्या पोटातलं ओळखणारा मी! आणि ती समोरासमोर बसून, माईक लावून, माझ्या हेडफोनांत थेट सांगत होती.

पहिल्यांदा काय वाटलं ते इथे तरी खरं लिहावं. वाटलं, वर्षभर? चहा कोण करणार? दुसऱ्यांदा वाटलं, वीस तारखेपर्यंत काही म्हणूच नये, तारीख आपोआप निघून जाईल. तिसऱ्यांदा जे वाटलं त्याला शब्द नाही, पण मी उठलो आणि फ्रीज उघडून उगाच बघत उभा राहिलो. किल्ल्या आत नव्हत्या.

वीस परवा आहे.

बुधवार, १९

सकाळी खुर्ची मांडली, खिडकी बाजूला येईल अशी. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला. फ्रीज बंद केला, किल्ल्या आत.

"आता कुठलं गिऱ्हाईक?" तिने विचारलं.

"तूच. बस."

"चाचणी?"

"नाही. आज खरी मुलाखत."

ती बसली. साखळी काढून ठेवली, माईक स्वतःच लावला. हात सवयीचे झालेत. मी समोर बसलो. प्रश्न कागदावर लिहून आणले होते, ते खिशातच राहिले.

"त्या टोप्यांच्या बाईला बाह्या चांगल्या कापता येतात ना?" मी म्हटलं.

 तिचे खांदे खाली आले. ओझं उतरवल्यासारखे नव्हे, ते मला लिहिता येणार नाही. कॅमेऱ्यात आहे.

"कधी कळलं?"

"काल. तुझ्या श्वासावरून. तिला जायचंय का?"

"हो."

"नुसतं हो चालत नाही. माझा प्रश्न कापला जाणार आहे."

"पूर्ण वाक्यात?"

"पूर्ण वाक्यात."

श्वास. "मला जायचंय. तुमच्यावर रागावून नाही. घराला कंटाळून नाही. मला फळ्यापुढे उभं राहून सांगायचंय की बाहीचा घेर आधी मोजायचा, खांदा नंतर. माझ्या हातातलं मला कुणालातरी द्यायचंय. टेबलावर एकटीने कापून ते कुणाला जात नाही." ती थांबली.

माझ्या तोंडात दहा गोष्टी आल्या. इथेच वर्ग काढू, खोली देतो, फळा आणतो, लेकीला सांगून वर्कशॉपची माडी रिकामी करतो. दहाही चांगल्या होत्या. मी मान हलवली आणि गप्प बसलो. इतकं अवघड काम आयुष्यात केलं नव्हतं, आणि मी विहिरीत उतरून पंप काढलेला माणूस आहे.

"आणि मला भीती वाटते," ती म्हणाली. "की मला आता शिकवता येणार नाही. आणि त्याहून जास्त भीती ही वाटते, की तुम्ही म्हणाल इथेच वर्ग काढू, आणि ते इतकं चांगलं असेल की मला नाही म्हणता येणार नाही."

ते दहाच्या दहा मी गिळले.

"तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"मुलाखत घेणाऱ्याने मत द्यायचं नसतं."

"अहो!"

"जा," मी म्हटलं. मग पूर्ण वाक्यात म्हटलं, "तू जावंस असं मला वाटतं, आणि तू जाऊ नयेस असंही वाटतं, पण दुसरं वाटणं माझं मी सांभाळीन."

तिने तिथेच बसून मैत्रिणीला फोन लावला. मी कॅमेरा बंद केला. तो फोन तिचा होता.

रविवार, ३०

तिला सकाळच्या गाडीत बसवून आलो. लेक आली होती. आईला म्हणाली, "तू मला का नाही सांगितलंस आधी?" ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस. मला ते स्वतः सांगायचं होतं." कात्री पिशवीत नेली. बाकी सामान त्या मानाने थोडंच.

घरी येऊन फ्रीज चालू करायला गेलो. तो चालूच होता.

गुरुवार, ४

पहिला आठवडा संपत आला तिचा. संध्याकाळी फोन आला. काय काय सांगत होती! वर्गात नुसत्या मुली नाहीत, तीन पुरुषही आहेत, एक तर पूर्वी बस चालवायचा. त्याने पहिल्याच दिवशी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. सगळे हसले, ती ओरडली नाही. तिने विचारलं, घाबरलात का? तो म्हणाला, कापडाला घाबरतो, बसला कधी घाबरलो नाही. आणि मग तिला कळलं की तिला अजून शिकवता येतं.

मी ऐकत होतो. आवाजात घरघर नव्हती, साखळी नव्हती, सगळे श्वास जागेवर. डोळे मिटून मान हलवत होतो.

ती थांबली. "हॅलो? लाईन गेली का?"

"नाही. ऐकतोय."

"मग काहीतरी आवाज करा! मी भिंतीशी बोलतेय का काय!"

"फोकस म्हणतो, हूं म्हटलं की त्याखाली समोरच्याचा शब्द मरतो."

"ती मुलाखत," ती म्हणाली. "हा संसार आहे. हूं म्हणा."

मी म्हटलं, "हूं."

"हां. तर तो बसवाला..."